पानं मोजू नका, पहिल्या ओळी बघा

रेझ्युमे एका पानाचा की दोन पानांचा, यावर वर बरीच चर्चा झालीय. मला वाटतं, खरी अडचण पानांची नाहीच.

परवा भाच्याचा रेझ्युमे बघितला. मेकॅनिकल डिप्लोमा, चाकणला २ वर्षं क्वालिटी विभागात, म्हणजे माल तपासणीत. सुरुवातीलाच 'आव्हानात्मक वातावरणात काम करण्याची इच्छा', खाली वडिलांचं नाव, धर्म, वैवाहिक स्थिती, शेवटी 'वरील माहिती खरी आहे'. कामाचं एक अक्षर नाही! विचारलं, "दिवसभर करतोस काय?" तर म्हणाला, "मामा, व्हर्नियर, मायक्रोमीटर, हाइट गेज या मापं घेण्याच्या साधनांवर पार्ट तपासतो, ग्राहकाची तक्रार आली की ८डी रिपोर्ट, म्हणजे मूळ कारण आणि उपाय आठ टप्प्यांत मांडणारा अहवाल, बनवतो." अरे, मग हेच वर लिही ना! कुठले पार्ट, दिवसाला किती, तक्रारीचं मूळ कारण काय सापडलं, तेही लिही. मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येतो, आणि उत्तर तुझ्याकडे तयार असतं.

रेझ्युमे नोकरीच्या पोर्टलवर टाकणार असाल तर दोन कॉलम आणि चौकटी टाळा. तिथलं रेझ्युमे वाचणारं सॉफ्टवेअर पुष्कळदा दोन्हीकडच्या ओळी एकत्र करून वाचतं. आणि फाइलला 'फायनल न्यू २' नको, स्वतःचं नाव आणि पद द्या.

कुणाला मसुदा दाखवायचा असेल तर फोन नंबर खोडून इथे टाका, मी नक्की वाचेन.