रॉकी माउंटन नॅशनल पार्क : बाबांना घेऊन जायचंय, कोणतं कॅम्पग्राउंड घ्यावं?

अबोली_के
नमस्कार मंडळी. ऑगस्टच्या शेवटी कोलोरॅडोत रॉकी माउंटन नॅशनल पार्कला जायचं ठरलंय. सोबत माझे बाबा (वय ७२) आणि नऊ वर्षांची लेक. बाबांचे गुडघे कुरकुरतात, पण "हॉटेलात झोपायला एवढ्या लांब कशाला यायचं? तंबूतच राहू" असं त्यांनी बजावलंय. मलाही अगदी तेच हवंय, त्यांचं आणि नातीचं हे एकदा व्हायलाच हवं.

पार्कच्या आतली, पूर्वेकडची मोरेन पार्क, ग्लेशियर बेसिन आणि ॲस्पेनग्लेन ही कॅम्पग्राउंड्स डोळ्यासमोर आहेत. शिवाय पार्कच्या बाहेर एस्टेस पार्क गावाजवळची खासगी कॅम्पग्राउंड्स, जिथे गरम पाण्याने आंघोळ करता येते. बाबांना रात्री दोनदा तरी उठावं लागतं. लेकीला मूस (मोठ्या शिंगांचं भलंमोठं हरिण) बघायचाय. बुकिंग सहा महिने आधी उघडतं, म्हणजे आता लगेच ठरवायला हवं. तुम्ही कोणतं घ्याल आणि का?

डोंगरवाट
अबोलीताई, ग्लेशियर बेसिन. तुमच्या बाबांसाठी मी दुसरा विचारच करणार नाही.

कारण स्प्रेग लेक तिथून अगदी जवळ आहे. तळ्याभोवतीची वाट जेमतेम पाऊण मैलाची, सपाट, व्हीलचेअरही जाईल अशी. पहाटे गर्दी व्हायच्या आत बाबा नातीचा हात धरून आरामात फेरी मारतील. आत मुक्काम असल्याचा खरा फायदा हाच, बाहेरून येणारा माणूस त्या वेळी गेटच्या रांगेत असतो. बेअर लेक या दुसऱ्या तळ्याकडे जाणाऱ्या शटल बसचा पार्क अँड राइड तळही (गाडी ठेवून बस पकडायची जागा) समोरच आहे, त्यामुळे वर पार्किंग शोधायची कटकट नाही.

उन्हाळ्यात पार्कमध्ये शिरायला टाइम्ड एंट्री (ठरावीक वेळेचं आगाऊ प्रवेश-बुकिंग) लागते आणि बेअर लेक रोडसाठी तिचा वेगळा प्रकार असतो. गेल्या काही वर्षांच्या नियमाप्रमाणे मोरेन पार्क आणि ग्लेशियर बेसिनच्या बुकिंगमध्ये तो रस्ता धरलेला असतो, ॲस्पेनग्लेनच्या बुकिंगमध्ये नसतो. या वर्षीचा नियम पार्कच्या वेबसाइटवर बघून घ्या.

आता लूप (कॅम्पग्राउंडमधला तंबूच्या जागांचा एकेक गट) नीट निवडा. पाइन बीटल नावाच्या भुंगेऱ्याने इथली पुष्कळ झाडं मारली, ती काढून टाकावी लागली. सी आणि डी लूप त्यामुळे उघडे पडलेत. डोंगर सुंदर दिसतात, पण दुपारी ऊन थेट डोक्यावर. सावली हवी तर ए किंवा बी बघा. तंबूची जागा टॉयलेटपासून दोन-तीन जागा सोडून घ्या. अगदी शेजारी घेतलीत तर रात्रभर दाराचा आवाज आणि टॉर्चचे झोत. फ्लशची टॉयलेट्स आहेत, शॉवर मात्र पार्कमधल्या कुठल्याच कॅम्पग्राउंडमध्ये नाही.

पाइनसावली
माझं मत ॲस्पेनग्लेनला. लहान आहे, फॉल रिव्हरच्या गेटला लागून आहे, रात्री खरोखर शांत. बेअर लेकचा मुद्दा मात्र डोंगरवाट म्हणतात तो बरोबर आहे, तिकडे रोज जायचं असेल तर अडचण होईल.

मूससाठी मुक्काम बदलू नका. मूस जास्त करून पश्चिमेला, कावुनीची खोऱ्यात दिसतात. डोंगरमाथ्यावरून पलीकडे जाणाऱ्या ट्रेल रिज रोडने एक दिवस तिकडे जाऊन या. पश्चिमेचं टिंबर क्रीक मूसच्या जवळ असलं तरी सावली जवळजवळ नाहीच. एल्क (हेही मोठं हरिणच) तुम्हाला पूर्वेलाही भेटतील, मोरेन पार्कच्या कुरणात संध्याकाळी थांबा.

सुधीर_नाना
मी बाबांच्याच वयाचा, म्हणून सांगतो. आधी उंचीचा विचार करा. ग्लेशियर बेसिन साधारण ८,५०० फुटांवर, आणि ट्रेल रिज रोडचा माथा १२,१८३ फूट. विमानातून उतरून थेट वर जाऊ नका. पहिली रात्र डेन्व्हरला (५,२८० फूट) काढा, पाणी भरपूर पाजा आणि माथ्याचा बेत शेवटच्या दिवशी ठेवा. बीपीच्या गोळ्या चालू असतील तर निघण्याआधी डॉक्टरांशी बोला. लाँग्ज पीक कॅम्पग्राउंड कोणी सुचवलं तर नको म्हणा, ते हजारेक फूट आणखी वर आहे.

ऑगस्टमध्येही रात्री चांगलीच थंडी पडते. बाबांना जाड गादी आणि टेकून उठता येईल अशी कॅम्पिंगची खाट द्या. जमिनीवरून उठताना गुडघ्यांचे काय हाल होतात, ते आम्हालाच ठाऊक.

अबोली_के
नाना, खाटेचं माझ्या डोक्यातच नव्हतं, मनापासून आभार. एक शंका : अस्वलांसाठी खाणं बंद ठेवायचं म्हणजे नक्की काय काय?

डोंगरवाट
वास येणारं सगळं. खाणं, मसाल्याचा डबा, टूथपेस्ट, साबण, बाबांचं दुखऱ्या गुडघ्यांचं मलमसुद्धा. वापरात नसेल तेव्हा फूड लॉकरमध्ये. तंबूत काहीही नाही, बिस्किटाचा पुडाही नाही. आणि दुपारी ढग भरून आले की उघड्या माथ्यावर थांबू नका, तिथली वीज फार वाईट. भटकंती सकाळीच उरका.

अबोली_के
ठरलं. डेन्व्हरला एक रात्र, मग ग्लेशियर बेसिन, बी लूपला पहिली पसंती. नाही मिळालं तर ॲस्पेनग्लेन घेते आणि बेअर लेकसाठी वेगळी एंट्री काढते. परतताना एस्टेस पार्कला एक रात्र, आंघोळीसाठी!