अनुभव धागा: सिंगल फेजवर मशीन चालवताना काय काय झालं?

पीठगिरणी
काल शेजारच्या काकूंकडे 3 एचपीची गिरणी आली. फ्रिजच्या 16 अँपिअरच्या प्लगमध्येच लावली. पहिलं दळण संपायच्या आत वास आला, गरम पिठात मिसळलेला जळक्या प्लास्टिकचा. प्लग उपसला तर एक पिन तपकिरी. बाबांच्या गिरणीत हाच वास आला होता, पाठोपाठ धूर. काकूंच्या मोटरच्या पाटीवर 15 अँपिअर आहे, सुरू होताना पाच-सहा पट ओढणार. तिला प्लग नकोच, मीटरपासून वेगळी वायर आणि डीपी एमसीबी (जास्त करंट गेला की फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा स्विच) हवा. लिहा सगळे, काकूंना वाचून दाखवायचंय.

कऱ्हाडकर
आमचा एमसीबी सारखा पडायचा. वायरमनने 20 अँपिअरचा काढून 32 चा टाकला. पडायचा थांबला, पण वायर तीच, अडीच स्क्वेअर एमएमची! पाइपला हात लावला तर गरम. आता 4 ची वायर आणि 25 चा सी कर्व्ह एमसीबी, मोटरचा सुरुवातीचा धक्का सोसणारा. आधीचा बी कर्व्ह होता, तो सुरुवातीच्या धक्क्यालाच पडतो.

रंधा
मोटरचा कपॅसिटर!! मेन बंद, तरी त्यात वीज साठलेली, कोपरापर्यंत झटका. तेव्हापासून होल्डरला दोन वायरी लावलेला 100 वॅटचा बल्ब पेटीत असतो. आधी तो कपॅसिटरच्या टोकांना टेकवायचा, मग हात.

लातूरची
बापरे, जपा दादा. काकूंच्या गिरणीत ज्वारीला कुठली जाळी लावता? माझ्या भाकरीला चिरा जातात.

पीठगिरणी
बारीकच लावतो. पण पीठ ताजं हवं आणि पाणी उकळतं, चिरा त्यानेच थांबतात.

लेथवाला
जुना लेथ घेतला, 2 एचपी थ्री फेज. दुकानात सिंगल फेज. 230 व्होल्टचा व्हीएफडी (सिंगल फेजवर थ्री फेज मोटर चालवणारं यंत्र) लावला, मोटर फिरली पण कापताना दम नाही. दोन दिवस डोकं खाल्लं. टर्मिनल बॉक्स उघडला तर पट्ट्या स्टारमध्ये, म्हणजे 415 व्होल्टची जोडणी. डेल्टा, म्हणजे 230 ची केली आणि चालला. मोटरच्या पाटीवर 230 डेल्टा लिहिलेलं असेल तरच करा.

रंधा
@लेथवाला फोटो टाका ना पट्ट्यांचा

माहेर_सांगली
आईला गिरणीच्या पत्र्याला झिणझिण्या यायच्या. ती लाकडी पाटावर उभी राहून दळायची, वर्षभर, कुणाला बोलली नाही. भावाने सॉकेट उघडलं तर अर्थच्या पिनेमागे वायरच नव्हती. अजून आठवलं की पोटात कालवतं. काकूंचं अर्थिंग आजच टेस्टरवाल्याकडून बघून घ्या, आणि 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडते ती) बसवाच.

पीठगिरणी
ताई, आत्ताच जाऊन सॉकेट उघडलं, मेन बंद करून. हिरवी वायर आहे, पण स्क्रू ढिला. गिरणी बंद ठेवलीय, उद्या वायरमन येतोय.

कऱ्हाडकर
मीटरपासून किती फूट? लांब असेल तर 6 ची ओढा.