हाताची पकड कमी झालेल्या आईसाठी घरातल्या कोणत्या वस्तू बदलाव्यात?

मिरजेचा_मुक्काम

नमस्कार. माझी आई मिरजेला एकटी राहते आणि तिची एकटीच राहण्याची इच्छा आहे. वय सत्तरीच्या पुढे असले तरी स्वयंपाक, पूजा, दूधवाल्याचा हिशेब हे सगळे ती स्वतः करते. मात्र दोन्ही अंगठ्यांच्या मुळाशी संधिवात असल्यामुळे पीळ देणे, चिमटीत धरणे आणि दाबून उघडणे या तीन गोष्टी तिला दिवसेंदिवस जड जात आहेत. कुकरचे झाकण, घट्ट बसलेले डबे, गॅसचा लायटर, मोरीतला नळ अशा किरकोळ जागी तिचे अडते आणि मग ती शेजारच्या वहिनींची वाट पाहत बसते. दिवाळीत मी आठवडाभर तिथे असणार आहे. तेवढ्या वेळात कोणत्या वस्तू बदलल्या तर तिला रोज फरक जाणवेल? कृपया वापरलेल्या किंवा नीट पारखलेल्या वस्तूंबद्दलच सांगावे. ऑनलाइन दुकानांत ‘ज्येष्ठांसाठी खास’ म्हणून जे काही विकले जाते, त्यातले बरेचसे पाहून माझे समाधान झालेले नाही.

ओट्यापाशी

माझ्या सासूबाईंना हाच त्रास असल्यामुळे आमच्या स्वयंपाकघरात या दृष्टीने बरीच उलथापालथ झालेली आहे. सुरुवात कुकरपासून करते, कारण तिथे निवड चुकली तर त्रास रोजचा होतो.

आपल्याकडे दोन जातींचे कुकर मिळतात. प्रेस्टिजच्या जुन्या नमुन्यासारख्या कुकरचे झाकण वरून बसते आणि खाचा जुळवून फिरवावे लागते. हॉकिन्सचे झाकण तिरके करून आत घालायचे, वर उचलायचे आणि दांडीचा आकडा अडकवायचा असते. दुसऱ्या प्रकारात पीळ द्यावा लागत नाही, हा संधिवात असलेल्या हाताला मोठा दिलासा आहे. शिवाय आतली वाफ झाकणाला काठावर खालून दाबून धरत असल्यामुळे दाब उतरेपर्यंत ते उघडत नाही. मात्र दोन्ही दांड्या एका मुठीत आवळाव्या लागतात. म्हणून कुकर विकत घेण्याआधी आईंना दुकानात नेऊन तो त्यांच्या हाताने पाच-सहा वेळा उघडायला आणि लावायला सांगा. नवी रबरी रिंग सुरुवातीला ताठर असते आणि काही दिवसांत जरा नरमते, एवढे त्यांना आधीच सांगून ठेवावे.

एकट्या माणसाला पाच लिटरचा कुकर लागत नाही. भरलेला कुकर उचलताना मनगटावर येणारा भार हीच खरी अडचण असते. तेव्हा दोन-तीन लिटरचा, बसका आणि लांब दांडीच्या समोरच्या बाजूला दुसरा छोटा कान असलेला कुकर पाहावा, म्हणजे तो दोन्ही हातांनी उचलता येतो. घरगुती कुकरला आयएसआय चिन्ह १ फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचे आहे, त्यामुळे आठवडी बाजारातला बिनचिन्हाचा कुकर कितीही हलका आणि स्वस्त वाटला तरी घेऊ नका.

आता सांडशी. हिच्याविषयी कोणी बोलत नाही, पण पातेले उचलल्यापासून खाली ठेवेपर्यंत सांडशी सतत आवळून धरावी लागते आणि संधिवात असलेल्या अंगठ्याला नेमके तेच झेपत नाही. उकळत्या चहाचे पातेले सांडशीतून निसटले तर काय होईल हे वेगळे सांगायला नको. आम्ही रोजच्या वापरातली बिनकानांची पातेली माळ्यावर टाकली आणि त्यांच्या जागी दांडीची दोन सॉसपॅन आणि दोन कानांची एक कढई ठेवली. मला विचाराल तर पैसे सगळ्यात आधी इथे खर्च करावेत.

स्टीलच्या डब्यांची घट्ट झाकणे हा आपल्या घरांतला जुना आजार आहे. पोहे, रवा, साखर असे कोरडे जिन्नस बाजूच्या कड्या उचलून उघडणाऱ्या डब्यांत ठेवावेत. मिसळणाच्या डब्याला एकच सैल काचेचे झाकण असले की पुरते, आतल्या पाळ्यांना वेगवेगळी झाकणे नकोत.

विळीबद्दल मात्र घाईने निर्णय घेऊ नका. विळीचे पाते स्थिर असते आणि भाजी दोन्ही हातांनी पुढे ढकलली जाते, त्यामुळे सुरीप्रमाणे मूठ आवळून धरावी लागत नाही. अडचण खाली बसण्याची आहे. ओट्याच्या कडेला स्क्रूने आवळून बसवायची विळी मिळते. ती एकदा तुम्हीच घट्ट बसवून द्या आणि तिथेच राहू द्या.

रेखाटन

मी वस्तुरचनेच्या क्षेत्रात काम करतो, म्हणून वरच्या प्रतिसादामागचे तत्त्व थोडे उलगडून सांगतो. ते लक्षात आले की दुकानात उभे राहून तुम्ही स्वतः वस्तू पारखू शकाल. अंगठ्याच्या मुळाचा सांधा चिमटीला सगळ्यात जास्त दुखतो, कारण बोटांच्या टोकाशी लावलेला जोर त्या सांध्यापर्यंत पोहोचताना कितीतरी पटींनी वाढतो. त्यामुळे जे काम चिमटीऐवजी तळहाताने, मनगटाऐवजी कोपराने किंवा पीळ देण्याऐवजी तरफेने होईल, ते निवडावे. बारीक मूठ घट्ट आवळावी लागते, तर जाड मूठ सैल हातातही राहते.

याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे ‘ऑक्सो’ या अमेरिकी कंपनीचे सोलाणे. सॅम फार्बर यांच्या पत्नी बेट्सी यांना हातांचा संधिवात होता आणि साध्या धातूच्या सोलाण्याने त्यांना सोलता येत नव्हते. त्यातून फार्बर यांनी ‘स्मार्ट डिझाइन’ या संस्थेकडून जाड, मऊ रबरी मुठीची साधने करवून घेतली आणि ती १९९० मध्ये बाजारात आणली. बोटे टेकतात त्या जागी मुठीला पातळ पापुद्र्यांसारख्या खाचा आहेत, त्या दाबल्या जातात आणि ओल्या हातातही मूठ फिरत नाही. आजारी माणसाची वस्तू म्हणून ती विकली गेली नाही आणि धडधाकट लोकांनीही ती उचलली. आपल्याकडे ती महाग पडते. पण तोच गुण आपल्या उलथन्याला आणि झाऱ्याला आणता येतो. नळकारागिराच्या दुकानात पाइपावर चढवायची फोमची नळी मिळते, तिचा वीतभर तुकडा दांडीवर चढवला की झाले. फक्त तो शेगडीच्या ज्योतीपासून लांब राहील असा, दांडीच्या टोकाकडेच असावा.

मोरीतल्या आणि ओट्यावरच्या नळांचे पितळी चाक काढून त्या जागी पाव वळणात उघडणारे, लांब दांडीचे नळ बसवा. दुकानात त्यांना ‘क्वार्टर टर्न’ म्हणतात. जुन्या नळात वायसर दाबून पाणी थांबवावे लागते, म्हणून तो झिजत जाईल तसा माणूस नळ अधिकाधिक आवळत जातो. नव्यात सिरॅमिकच्या दोन चकत्या एकमेकींवर सरकतात आणि जोर लावण्याचा प्रश्नच येत नाही. पाणी बोअरचे, क्षारांचे असेल तर चकत्यांवर थर बसून दांडी जड होऊ शकते, एवढे ध्यानात ठेवा.

लायटरसाठी अंगठ्याने दाबायचा नमुना सोडून पिस्तुलासारखा, चार बोटांनी ओढायचा घ्यावा.

जुनी_खोड

वरील दोन्ही प्रतिसाद उपयुक्त आहेत, पण एक गोष्ट राहून जात आहे. चाळीस वर्षे एका ठरावीक जागी हात घालून डबा काढणाऱ्या बाईचे स्वयंपाकघर आठवड्यात पालटले, तर ती नव्या वस्तू कपाटात जपून ठेवील आणि जुन्याच वापरील. आधी दोन दिवस काही न बोलता आई कुठे थांबतात, कुठे पदर लावून झाकण उघडतात, कशासाठी दुसऱ्याला हाक मारतात, ते पाहा. माझ्या मावशीला घरातल्यांनी बॅटरीवर चालणारे झाकण उघडण्याचे यंत्र आणून दिले होते, तिला मात्र औषधाच्या पाकिटातून गोळी बाहेर काढता येत नव्हती. लहान कात्रीने ते पाकीट कोपऱ्यातून कापायचे, हा उपाय तिनेच शोधला.

मिरजेचा_मुक्काम

सर्वांचे मनापासून आभार. सांडशीचा विचार माझ्या डोक्यात आलाच नसता. आणखी दोन गोष्टी विचारतो. पंख्याचा जुना रेग्युलेटर फार जड फिरतो, आणि न्हाणीघरात आधाराला दांडा बसवायचा आहे. दुकानदाराने रबरी चकतीने टाइलला चिकटणारा दांडा सुचवला, भोके पाडायची गरज नाही म्हणाला. तो चालेल का?

तारजोडणी

चिकटणारा दांडा अजिबात घेऊ नका. पाय घसरला की माणसाचा सगळा भार एका क्षणात त्या दांड्यावर येतो, आणि साबणाच्या ओलाव्याने चकतीची पकड आधीच सैल झालेली असते. स्टीलचा सव्वा ते दीड इंच जाडीचा, पृष्ठभाग किंचित खरखरीत असलेला दांडा घ्या आणि टाइलच्या मागच्या पक्क्या विटेत किंवा काँक्रीटमध्ये लांब अँकर (भोकात फुगून घट्ट बसणारे बोल्ट) घालून तो बसवून घ्या. भिंत पोकळ विटांची असेल तर गवंड्याला आधी सांगा, तिला वेगळे अँकर लागतात. उंची पुस्तकातून ठरवू नका. आईंना कमोडवर बसवून उठायला सांगा, त्यांचा हात आपोआप जिथे जाईल तिथे पेन्सिलने खूण करा. कमोडशेजारी एक आणि अंघोळीच्या जागी दाराकडून आत शिरताना हाताला लागेल असा दुसरा, एवढे दोन दांडे पुरतात.

पंख्यासाठी बीएलडीसी मोटरचा (ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा), रिमोटवर चालणारा नमुना घ्या. साधा पंखा ७५ वॅटच्या आसपास वीज घेतो, हा ३० ते ३५ वॅटमध्ये भागवतो. दिवसाला बारा तास चालला तर जवळपास अर्धा युनिट वाचतो, म्हणजे वर्षाकाठी दीडशेहून अधिक युनिट. छताच्या पंख्यांवर १ जानेवारी २०२३ पासून वीजबचत दाखवणाऱ्या ताऱ्यांची चिठ्ठी सक्तीची झालेली आहे, ती पाहून घ्या. वायरमनला जुना रेग्युलेटर काढून थेट जोडणी करायला सांगा, कारण या मोटरला तो मानवत नाही. रिमोट हरवला तरी भिंतीवरच्या बटणाने पंखा सुरू आणि बंद होतो. मात्र वेग बदलण्याची सोय बटणावर काही नमुन्यांतच असते, तेवढे दुकानात चालवून पाहा. रिमोटची बटणे मोठी आणि उठावाची आहेत ना, तेही तपासा. आणि सेल बदलायचे मागचे झाकण आईंना स्वतः उघडता येते का, हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.