बोअरच्या पाण्यावरचा गिझर: दिवा लवकर विझतो, पाणी कोमट, आतून खडखड. दुरुस्ती की नवा?

वाकडकर_३०२
१५ लिटरचा, २००० वॅटचा उभा स्टोरेज गिझर आहे, काचेचा लेप असलेल्या टाकीचा. सहा वर्षं झाली, वॉरंटी संपली आहे. इमारतीत नळाचं आणि बोअरचं पाणी एकाच टाकीत मिसळतं, उन्हाळ्यात टँकर. लक्षणं अशी:
- दहा-बारा मिनिटांतच तापतानाचा दिवा विझतो, पण पाणी कोमटच येतं
- तापताना आतून खडखड, तडतड
- खालच्या व्हॉल्व्हमधून थेंब थेंब पाणी
- हल्ली मधूनच आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा सुरक्षा स्विच) पडतो

दुकानदार म्हणतात टाकी गेली, नवा घ्या. नुसती कॉइल बदलून भागेल का? घरी मल्टिमीटर आणि पान्यांचा संच आहे, काम करायची तयारी आहे.

ओहम
आरसीसीबीचा निकाल लागेपर्यंत गिझर बंदच ठेवा. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी पडतो याचा अर्थ फेजमधून निघालेला थोडा करंट न्यूट्रलने परत न येता पाण्यात किंवा अर्थिंगमध्ये जातो आहे. अशा वेळी कुणी 'आरसीसीबी खराब आहे, काढून टाकू' म्हणालं तर त्याला हात लावू देऊ नका.

तपासायचं असं. एमसीबी (बोर्डावरचा त्या लाइनचा सुरक्षा स्विच) बंद करा आणि प्लगही काढा, कारण स्विच फक्त फेज तोडतो. खालचं झाकण काढून वायरींचा फोटो घ्या. कॉइलच्या दोन्ही टोकांच्या वायरी सोडवा आणि दोन टोकांमध्ये ओहम मोजा. २३० व्होल्ट, २००० वॅट म्हणजे सुमारे २६ ओहम यायला हवेत (३००० वॅटच्या कॉइलला साडेसतराच्या आसपास). काहीच दाखवलं नाही तर कॉइल तुटली आहे.

मग एक टोक आणि टाकीचं धातूचं अंग, असं मोजा. इथे मीटरने काहीच दाखवता कामा नये. काही हजार किंवा लाख ओहम दिसले तर कॉइलच्या नळीला बारीक चीर आहे आणि आतल्या पांढऱ्या मॅग्नेशिअम ऑक्साइडच्या भुकटीत पाणी शिरलंय. ती कॉइल बदलायचीच. मीटर काहीच दाखवत नाही आणि तरी आरसीसीबी पडतो, असंही होतं, कारण मल्टिमीटर जेमतेम काही व्होल्टवर मोजतो. तेव्हा इलेक्ट्रिशियनकडून ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) तपासून घ्या.

पडण्याची वेळही बघा. स्विच देताच पडत असेल तर वायर, प्लग किंवा पार फुटलेली कॉइल. पाच-सात मिनिटांनी पडत असेल तर बहुधा तापल्यावर उघडणारी चीर.

तोटी_आणि_टेफ्लॉन
कोमट पाण्यासाठी गिझर उघडण्याआधी एक चाचणी करा, पान्याला हातही लावावा लागत नाही. गिझरच्या थंड पाण्याच्या बाजूचा अँगल कॉक (भिंतीतून पाणी सोडणारी-बंद करणारी छोटी तोटी) पूर्ण बंद करा आणि बाथरूममधला गरम पाण्याचा नळ सोडा. दोन-तीन मिनिटांत धार थांबायला हवी. वाहतच राहिली तर कुठल्या तरी मिक्सरमधून थंड पाणी गरम लाइनमध्ये घुसतंय. हँड शॉवर टोकाला बंद करून मिक्सरच्या दोन्ही चाव्या उघड्या ठेवल्या की हमखास हे होतं. डायव्हर्टरच्या (पाणी नळाकडे किंवा शॉवरकडे वळवणाऱ्या भागाच्या) आतलं कार्ट्रिज झिजलं तरी तेच. यात गिझरचा काही दोष नसतो, आणि असे कितीतरी चांगले गिझर भंगारात जातात.

नवा बसवलेला असेल तर निळी-लाल खूणही बघावी. दोन्ही पाइप खालूनच जातात, पण लाल खुणेची नळी आत टाकीच्या माथ्यापर्यंत जाते. उलटं जोडलं तर तळाचं थंड पाणीच आधी बाहेर येतं.

वाकडकर_३०२
दोन्ही तपासलं. धार दोन मिनिटांत थांबली. कॉइल २७ ओहम. एक टोक ते टाकी, सुमारे ४०,००० ओहम.

ओहम
मग कॉइल गेलीच. मिक्सरवरचा संशय मिटला.

दिवा लवकर विझण्याचं कारण आता हिशोबाने बघा. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० वर न्यायला २ किलोवॅटला साधारण २१ मिनिटं लागतात, उष्णतेची गळती धरली तर थोडी जास्त. व्होल्टेज २०० असेल तर तीच कॉइल दीडच किलोवॅट देते आणि वेळ २८ मिनिटांवर जातो. तुमचा दिवा दहा मिनिटांत विझतो, म्हणजे पाणी तापायच्या आधीच थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला कॉइल बंद करणारा स्विच) सोडून देतो आहे. बोअरच्या पाण्यावर याचं नेहमीचं कारण तळाशी साचलेला क्षार. कॉइल आणि थर्मोस्टॅटची नळी शेजारी शेजारी असतात. त्यांच्यामध्ये क्षाराचा चुरा भरला की कॉइलची उष्णता थेट नळीला लागते, थर्मोस्टॅटला वाटतं पाणी तापलं. खडखडही तिथूनच येते: थराखाली अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन थर तडकत असतो.

एक गैरसमज इथेच दूर करतो. क्षार बसला म्हणून पाणी तापायला दुप्पट वीज लागत नाही. कॉइलमध्ये तयार झालेली उष्णता शेवटी पाण्यातच जाते. नुकसान होतं ते कॉइलचं: थराखाली तिचं तापमान खूप वाढतं आणि नळीला चीर पडते. तुमच्याकडे चारपैकी तीन लक्षणांचं मूळ एकच आहे.

पाना_पकड
चौथं लक्षण, म्हणजे व्हॉल्व्हचे थेंब, फक्त तापताना येत असतील तर दोष नाही. पाणी २० वरून ६० अंशांवर गेलं की दीड टक्का फुगतं. १५ लिटरला पाव लिटरच्या जवळपास. या मल्टिफंक्शन व्हॉल्व्हमध्ये पाणी मागे जाऊ न देणारी झडप असते, म्हणून ते वाढलेलं पाणी बाहेर टाकावंच लागतं. भोकाला पातळ नळी लावून मोरीत सोडा. ते भोक कधीही बुजवू नका, टाकी फुटण्यापासून वाचवणारी वाट तीच आहे. गिझर बंद असतानाही दिवसभर ठिबकत असेल तर मात्र झडपेत क्षार अडकलाय किंवा लाइनचं प्रेशर जास्त आहे. छोटा दांडा दोन-तीनदा वरखाली करून बघा, नाही थांबलं तर व्हॉल्व्ह बदला.

आता काम. आधी सामान आणा: कॉइल (फ्लँजचा, म्हणजे कॉइल ज्या चकतीवर बसवलेली असते तिचा, आकार आणि भोकं जुळायला हवीत, जुनी दाखवून घ्या; क्षाराच्या पाण्याला तांब्यापेक्षा इन्कोलॉय या निकेलच्या मिश्रधातूची घ्या), नवं रबरी गॅस्केट, नवा मॅग्नेशिअमचा अ‍ॅनोड रॉड (स्वतः झिजून टाकीला गंजापासून वाचवणारी कांडी) त्याच आट्यांचा, टेफ्लॉन टेप.

एमसीबी बंद, प्लग बाहेर. पाणी गार होऊ द्या. अँगल कॉक बंद करा, गरम नळ उघडा म्हणजे हवा आत जाईल, मग व्हॉल्व्हचा दांडा उचलून किंवा थंड बाजूचा जोडपाइप सोडवून टाकी रिकामी करा. खाली बादली ठेवा, चुरा बराच येतो. थर्मोस्टॅट सरळ खाली ओढून काढा. फ्लँजचे नट एकाआड एक सैल करा, शेवटचा काढताना फ्लँज हाताने धरा, आतलं उरलेलं पाणी एकदम येतं.

टाकीच्या तळाचा चुरा हाताने आणि लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने काढा. स्क्रूड्रायव्हरने खरवडू नका, काचेचा लेप उडाला की तिथून गंज सुरू होतो. फ्लँज बसतो ती कड मात्र अगदी स्वच्छ हवी. क्षाराचा एक खडा राहिला तरी नवं गॅस्केट गळतं.

नवा अ‍ॅनोड बसवा, फ्लँज लावा, नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळा. वायरी जोडायच्या आधी पाणी भरा: गरम नळ उघडा ठेवून अँगल कॉक सोडा, नळातून फुसफुस थांबून सलग धार आली की टाकी भरली. पंधरा मिनिटं थांबून गॅस्केटखाली कोरडा कागद फिरवा. कोरडा राहिला तरच वायरी. टाकी भरल्याशिवाय स्विच दिलात तर नवी कॉइल काही सेकंदांत जाते.

नगरची_विहीर
टॉयलेट धुवायचं अ‍ॅसिड टाकीत ओतलं तर न उघडता क्षार निघतो ना? इकडे बरेच जण करतात.

पाना_पकड
कृपा करून करू नका. हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड क्षाराबरोबर अ‍ॅनोडही खातं, आणि लेपाला जिथे बारीक भेग असेल तिथलं लोखंडही. शिवाय ते शेवटी अंघोळीच्या नळातून येतं. काढलेली कॉइल चांगली असेल आणि तीच परत लावायची असेल तर किराणा दुकानातलं लिंबूसत्व घ्या, लिटरभर कोमट पाण्यात ५०-६० ग्रॅम. प्लास्टिकच्या बादलीत कॉइल दोन-तीन तास बुडवा, वायरींची टोकं पाण्याबाहेर. मग नायलॉनच्या ब्रशने घासून धुवा आणि उन्हात पूर्ण वाळवा.

वाकडकर_३०२
फ्लँज उघडला. तळापासून चार बोटं क्षार, थर्मोस्टॅटची नळी त्यात पूर्ण गाडलेली. अ‍ॅनोडची नुसती मधली तार उरली आहे. टाकीच्या आत गंज दिसत नाही. थर्मोस्टॅटही बदलू का? आणि हे परत होऊ नये म्हणून काय?

ओहम
गंज नाही ही सर्वांत चांगली बातमी, टाकी वाचली. अंगाच्या जोडातून गळत असती किंवा फक्त गरम नळाला तांबूस पाणी येत असतं तर मीही नवाच घ्या म्हटलं असतं. टाकीला वेल्डिंग होत नाही, लेप जळतो.

थर्मोस्टॅट गार असताना त्याच्या दोन टोकांत जवळजवळ शून्य ओहम हवेत. दांडा गरम पाण्यात बुडवला आणि ठरलेल्या अंशांवर टक् आवाज होऊन संपर्क तुटला तर तो ठीक आहे. वेगळा थर्मल कटआउट (पाणी अतिच तापलं तर वीज तोडणारा स्विच) असेल तर त्याचं छोटं बटण दाबून रीसेट करा. तो वारंवार पडला तर थर्मोस्टॅट चिकटतो आहे असं समजा. कटआउटच्या दोन वायरी एकत्र जोडून 'चालू करून देणारे' भेटतात. त्यांना दारातूनच परत पाठवा.

तोटी_आणि_टेफ्लॉन
पुढच्यासाठी: थर्मोस्टॅट ७५ ऐवजी ६० वर ठेवा. पाणी जितकं जास्त तापवाल तितका कॅल्शिअम कार्बोनेट झपाट्याने बसतो. ५० च्या खाली मात्र नेऊ नका, कोमट साठ्यात जंतू वाढतात.

पाण्याची कठीणता मोजून घ्या. टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या सगळ्या पदार्थांचं प्रमाण) मीटरवर जाऊ नका, तो मीठही मोजतो आणि क्षारही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणता २०० मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत योग्य आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. तुमची ४०० च्या वर असेल तर दरवर्षी हिवाळ्याआधी फ्लँज उघडा, कमी असेल तर दोन वर्षांनी. अ‍ॅनोड निम्म्याहून बारीक झाला की बदला, तार दिसेपर्यंत थांबू नका. मिठावर चालणारा सॉफ्टनर बसवलात तर क्षार थांबेल, पण तशा पाण्यात अ‍ॅनोड लवकर संपतो, म्हणून तो सहा महिन्यांनी बघा.

वाकडकर_३०२
नवी कॉइल, गॅस्केट, अ‍ॅनोड बसवला, थर्मोस्टॅट जुनाच. दिवा आता २३ मिनिटांनी विझतो, आवाज नाही, आरसीसीबी शांत. गॅस्केटखाली कागद कोरडा.

पाना_पकड
दोन-तीन दिवस तापून-गार झालं की नवं रबर थोडं दबतं. एमसीबी बंद करून, पाणी गार असताना प्रत्येक नट पाव आटा आवळा, त्याहून जास्त नाही. आणि प्लगच्या पिना बघून घ्या: २००० वॅटला पावणेनऊ अँपिअर जातात, १६ अँपिअरचाच सॉकेट हवा. पिना काळवंडल्या असतील तर प्लग आणि सॉकेट दोन्ही बदला.