न्हावा शेवा बंदर: गेटवर कॅमेरे बसल्यावर सर्व्हेअर हवाच का?

उरणकर:
कंटेनरचा नंबर माणसाने, म्हणजे गेटवर कंटेनर आणि सील तपासणाऱ्या सर्व्हेअरने, वाचून टाइप करणं आता बंदच व्हायला हवं. ट्रेलर कॅमेऱ्यांच्या कमानीखालून गेला की दोन्ही बाजू, छत आणि दारावरचा नंबर टिपला जातो. एक जागा चिखलाने माखली तरी दुसरी सापडते. शिवाय हा नंबर स्वतःची चूक स्वतः पकडतो. चार अक्षरं, सहा आकडे आणि शेवटी चौकटीत तपासणीचा आकडा. अक्षरांना ठराविक किंमत असते. प्रत्येक जागेच्या किमतीला १, २, ४, ८ असं दुपटीने गुणायचं, बेरजेला ११ ने भागायचं, बाकी उरते तो चौकटीतला आकडा. ३ चा ८ वाचला की हिशेब फसतो.

गेट_लेन_४:
चुकलंय एवढंच कळतं, बरोबर काय ते नाही. त्यात बाकी १० उरली तरी चौकटीत ० च लिहितात, म्हणजे तिथे एखादी चूक निसटू शकते. आणि सीलचं काय? बोल्ट सील (कंटेनरच्या दाराला लावलेला धातूचा खिळा) कापून चिकटवलेलं असेल तर फोटोत ते शाबूत दिसतं. हाताने ओढून, पिरगाळून बघावं लागतं.

उरणकर:
बरोबर नंबर फॉर्म १३ मध्ये (निर्यातीचा कंटेनर गेटमधून आत घेण्याचा कागद) आधीच भरलेला असतो, त्याच्याशी जुळवा. कारखान्यात सील केलेल्या निर्यात मालाला २०१७ पासून आरएफआयडी ई-सील (रेडिओ लहरींनी वाचता येणारं इलेक्ट्रॉनिक सील) आलं आहे, ते रीडरवर वाचलं जातं.

ट्रेलर४०:
तुम्ही दोघं गेटवर भांडताय, गाडी अडते त्याच्या आधी. फॉर्म १३ वर एका गाडीचा नंबर, आली दुसरीच. किंवा व्हीजीएम, म्हणजे भरलेल्या कंटेनरचं पडताळलेलं वजन, भरलेलं नाही. १ जुलै २०१६ पासून पडताळलेल्या वजनाशिवाय कंटेनर जहाजावर चढत नाही. अशी गाडी ऑटोमॅटिक लेनमध्ये शिरली की संपलंच. मागे रांग लागलेली, ४० फुटी ट्रेलर रिव्हर्स कुठे घेणार? ही तपासणी गेटच्या आधीच्या पार्किंग प्लाझातच उरका आणि बॅरिअरच्या अलीकडे बाहेर पडायला वेगळी वाट ठेवा. कॅमेऱ्यांच्या आधी खर्च यावर करा.

गेट_लेन_४:
अगदी बरोबर. आणि सिस्टिमच बंद पडली तर? जून २०१७ च्या सायबर हल्ल्यात इथल्या जीटीआय (गेटवे टर्मिनल्स इंडिया) टर्मिनलचं काम ठप्प झालं होतं. हाताने नोंद करण्याची सवय मोडली तर त्या दिवशी पावती कोण फाडणार?

उरणकर:
हे मान्य. म्हणून एक लेन माणसाची ठेवा, बाकीच्या ऑटोमॅटिक.

गेट_लेन_४:
एक पुरणार नाही. कट-ऑफच्या, म्हणजे जहाजासाठी कंटेनर घेण्याच्या शेवटच्या वेळेच्या, आधी निर्यातीच्या गाड्या एकदम येतात, अडकलेल्या सगळ्या त्याच लेनमध्ये ढकलल्या जातील. निदान दोन हव्यात, आणि तिथे सील तपासायचा अधिकार असलेला सर्व्हेअर हवा, नुसता ऑपरेटर नको.