ओलिव्हारेस : साम्राज्य बुडवणारा मंत्री की ओझे वाटून घ्यायला सांगणारा?

चर्चाप्रस्ताव

स्पेनचा राजा चौथा फिलिप याचा मंत्री काउंट-ड्यूक ओलिव्हारेस याच्यावर साम्राज्य बुडवल्याचा ठपका सर्रास ठेवला जातो. मला तो अन्यायकारक वाटतो. तो वर चढला तो राजाची मर्जी सांभाळूनच, याबद्दल वाद नाही. १६१५ मध्ये तो युवराजाच्या खाजगी सेवेत शिरला आणि १६२१ मध्ये तोच युवराज सोळाव्या वर्षी गादीवर आला. महालात असताना राजाच्या शयनगृहाचा अधिकारी आणि राजा बाहेर पडला की अश्वशाळेचा प्रमुख, अशी दोन्ही पदे त्याने स्वतःकडे घेतल्यामुळे त्याला टाळून राजापर्यंत पोहोचणे अवघड झाले. व्हेलाझ्केझने काढलेल्या त्याच्या चित्रातली कमरेची सोनेरी किल्ली हीच सत्ता मिरवते.

पण या सत्तेचा त्याने काय उपयोग केला, तेही पाहावे. युद्धांचा बहुतेक खर्च राजाच्या अनेक राज्यांपैकी एकटे कॅस्टिल, म्हणजे मध्य स्पेनमधले मुख्य राज्य, सोसत होते. म्हणून १६२६ मध्ये त्याने १,४०,००० सैनिकांच्या राखीव फौजेची योजना मांडली, ज्यात तेव्हा याच राजाच्या अमलाखाली असलेले पोर्तुगाल आणि कॅटालोनिया (स्पेनचा ईशान्य भाग, राजधानी बार्सिलोना) यांनी प्रत्येकी १६,००० माणसे द्यायची होती. एका राजाच्या सर्व प्रजेने संरक्षणाचा भार वाटून घ्यावा, ही मागणी रास्तच होती.

प्रतिसाद १

मागणी रास्त असेल, पण ती करण्याचा हक्क कोणाला होता? कॅटालोनियाचे कायदे आणि करमंजुरीचे अधिकार त्यांच्या स्वतःच्या सभेकडे होते, आणि ते पाळण्याची शपथ राजानेच घेतली होती. १६२४ च्या गुप्त निवेदनात ओलिव्हारेसने राजाला सुचवले होते की आपण केवळ पोर्तुगाल, आरागॉन, व्हॅलेन्सियाचे राजे आणि बार्सिलोनाचे काउंट (म्हणजे कॅटालोनियाचे अधिपती) न राहता स्पेनचे राजे व्हावे. म्हणजे ओझे वाटण्याआड कायदे एकसारखे करण्याचा बेत आधीपासूनच होता. फ्रान्सशी युद्ध पेटल्यावर त्याने कॅटालोनियाच्या सीमेवर आघाडी उघडली आणि फौज शेतकऱ्यांच्या घरांत उतरवली. घरात घुसून धान्य खाणाऱ्या शिपायांविरुद्ध लोक उठले. ७ जून १६४० रोजी बार्सिलोनात कापणी करणाऱ्या मजुरांच्या उठावात खुद्द व्हाइसरॉय मारला गेला. त्याच वर्षी १ डिसेंबरला पोर्तुगालही फुटले.

प्रतिसाद २

पोर्तुगालच्या बाबतीत आपल्याकडचा धागा विसरू नये. १५८० पासून पोर्तुगाल स्पेनच्या राजाकडे असल्यामुळे गोवा, वसई, चौल ही पोर्तुगीज ठाणीही त्याचीच होती. स्पेनचे डच शत्रू आपोआप पोर्तुगीजांचेही शत्रू झाले, आणि १६३६ पासून डच जहाजे गोव्याची नाकेबंदी करू लागली. असे असताना लिस्बनच्या उमरावांना आणखी माणसे आणि पैसे मागणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे होते.

चर्चाप्रस्तावकाचे उत्तर

डचांचे हल्ले त्याच्या आधीपासूनचे आहेत, आणि १६२१ मध्ये डचांशी केलेला युद्धबंदीचा तह संपला तेव्हा परराष्ट्र व्यवहार त्याचा मामा सुनिगा पाहत होता. जानेवारी १६४३ मध्ये ओलिव्हारेसला दूर केले, तरी फ्रान्सशी युद्ध १६५९ पर्यंत आणि पोर्तुगालशी १६६८ पर्यंत चालले. दोष एकट्या त्याचा असता, तर तो गेल्यावर हे थांबले नसते का?

प्रतिसाद १

कॅटालोनियापुरते थांबले, आणि कसे थांबले ते महत्त्वाचे आहे. १६५२ मध्ये बार्सिलोना शरण आली, तेव्हा राजाने काही अपवाद ठेवून तिथले जुने हक्क पुन्हा मान्य केले. जे मान्य करायला ओलिव्हारेस वीस वर्षे तयार नव्हता, तेच अखेर राजाला द्यावे लागले.