आजीचं पायाचं मशीन घरी आणलंय, शिवण शिकायचंय, सुरुवात कुठून करू?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथलं नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय. माझ्या आजीचं (आईची आई) पायाचं शिलाई मशीन माझ्याकडे आलंय. मिरजेचं घर रिकामं करताना मामा म्हणाला हे आता भंगारात जाईल, कोण वापरणारे, तर मीच म्हटलं थांब, मी नेते पुण्याला. काळं मशीन आहे, सोनेरी नक्षी बरीचशी पुसली गेलीय, लाकडी टेबलाला उजवीकडे एक ड्रॉवर. त्यात तिच्या ७ बॉबिन (खालचा दोरा गुंडाळायच्या छोट्या चकऱ्या), निळ्या खडूचा झिजलेला तुकडा आणि एक मेणाचा गोळा निघाला, दोरा ओढून ओढून त्यावर खाचा पडल्यात. तो गोळा हातात घेतला आणि एकदम ती डोळ्यासमोर आली, दाराच्या उजेडाकडे तोंड करून सुईत दोरा ओवत बसलेली. दर दसऱ्याला ह्या मशीनला हळदकुंकू आणि झेंडूची माळ असायची.

मी ३४ वर्षांची, नोकरी करते, रात्री साडेआठनंतर आणि रविवारी वेळ मिळतो. शिवणातलं येतं ते एवढंच, शाळेत कार्यानुभवाच्या तासाला शिकवलेला धावदोरा, हेम आणि काज. मला ह्यातून कमवायचं वगैरे नाहीये, दिवसभर स्क्रीनसमोर बसून झाल्यावर हाताने काहीतरी करावंसं वाटतं आणि ते ह्याच मशीनवर करावंसं वाटतं.

पण गाडी अडलीय. पाय मारायला लागले की चाक मधेच उलटं फिरतं आणि दोरा तुटतो. सरळ फिरलं तर कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचं नुसतं जाळं होतं, वरून मात्र टीप बरी दिसते. त्यात मागच्या रविवारी व्हिडिओ बघून डायरेक्ट कुर्ती कापली, अडीच मीटर कापड होतं, छान हिरवं, मुंढा (बाही जोडायची गोलाई) इतका खोल कापला गेला की हात वर केला की सगळीच कुर्ती वर येते. खूप वाईट वाटलं, कापड मी हौसेने आणलं होतं.

तर विचारायचं असं की हे मशीन शिकायला ठीक आहे का नवीन इलेक्ट्रिक घेऊ? क्लास लावायलाच हवा का? आणि पहिलं काय शिवू?

शिवणकाकू_नाशिक

अगं आधी ते मशीन भंगारातून वाचवलंस ह्याबद्दल तुझं कौतुक. मी २२ वर्षं घरी शिवणक्लास घेतला, आता गुडघ्यांमुळे बंद केला, पण सांगते ते नीट वाच. शिकायला पायाच्या मशीनसारखं मशीन नाही कारण ते तुझ्या पायाच्या वेगाने चालतं, इलेक्ट्रिक नवशिक्याच्या हातातून पळतं.

चाक उलटं फिरतं ते पायाची सवय नाही म्हणून. उजवीकडच्या चाकाच्या मध्यभागी एक गोल स्क्रू असतो, बॉबिन भरताना सैल करतात तो. तो सैल कर, म्हणजे चाक फिरेल पण सुई हलणार नाही. आता कापड नको, दोरा नको, नुसते पाय. दोन्ही पावलं टेकव, उजवं जरा पुढे, आणि चाकाला हाताने स्वतःच्या दिशेने झोका दे मग पाय मार. सुरुवात कायम हाताने, पायाने नाही. रोज दहा मिनिटं असं चार दिवस कर. पायाला टाच-पंजा, टाच-पंजा ही लय एकदा बसली ना की मग तू टीव्ही बघत पण पाय मारशील.

मग स्क्रू घट्ट करून वहीचं रेघांचं पान घे आणि बिनदोऱ्याची टीप मार, बरोब्बर रेघेवर. भोकं रेघेवर पडली पाहिजेत. नंतर पेन्सिलने चौकोन काढ, कोपऱ्याला आल्यावर सुई कागदात खाली ठेवायची, फूट (सुईखाली कापड दाबून धरतं ते) उचलायचं, कागद वळवायचा, फूट खाली. मग वाटीभोवती गोल काढून त्यावर. माझ्या क्लासमध्ये पहिला आठवडा हेच, मुली कंटाळायच्या, पण ज्या कंटाळल्या नाहीत त्यांची टीप आजही सरळ आहे. फक्त कागदावर वापरलेली सुई बोथट होते, ती कापडाला नाही वापरायची.

आता ते जाळं. हे पक्कं ध्यानात ठेव, खाली जाळं म्हणजे दुखणं वरच्या दोऱ्याचं. सगळे जण बॉबिन केस उघडून त्याचा स्क्रू पिळत बसतात आणि आणखी बिघडवतात. दोरा पूर्ण काढ. फूट वर उचललेलं असू दे, मगच दोरा ओव, कारण फूट खाली असलं की टेन्शनच्या, म्हणजे दोरा ताणून धरणाऱ्या, त्या दोन चकत्या आवळलेल्या असतात आणि दोरा त्यांच्या मधे बसतच नाही, नुसता वरून जातो. आणि तो वर-खाली होणारा दांडा असतो ना, त्याच्या भोकातून दोरा गेलाय का बघ, तो सुटला की लगेच जाळं. शिवायला लागताना वरचा आणि खालचा दोन्ही दोरे चार बोटं लांब ठेवून फुटाच्या मागे डाव्या हाताने धरायचे, पहिल्या तीन-चार टिपा पडेपर्यंत.

हे करून बघ आणि इथेच सांग काय झालं ते. क्लासचं म्हणशील तर पिशवी-अभ्र्याला नको, पण ब्लाउज शिकायचं असेल तेव्हा मात्र लाव, ते समोर बसूनच शिकायची गोष्ट आहे.

रेल्वेवाला

काकूंनी सगळं सांगितलंच आहे, थोडी भर घालतो. मी पुरुष माणूस, कल्याणला एकटा राहत होतो तेव्हा पँटी खालून आखूड करून घ्यायला दर वेळी टेलरकडे जायचा वैताग यायचा म्हणून शिकलो, आता १० वर्षं झाली, घरातले पडदे, खुर्च्यांच्या गाद्यांची कव्हरं सगळं मीच शिवतो. माझ्याकडे झिगझॅगवालं इलेक्ट्रिक आहे पण तुम्ही आत्ता घेऊ नका. तुमचं मशीन फक्त सरळ टीप मारतं आणि सुती कापडाला तेवढी पुरते. अडेल कुठे तर टी-शर्टचं ताणलं जाणारं कापड, त्यावर सरळ टीप मारली की अंगात घालताना ती कडकड तुटते, तिथे झिगझॅग आणि गोल टोकाची सुई लागते. पुढेमागे हवं तर ह्याच काळ्या मशीनला बाजूने छोटी मोटार बसवून मिळते.

तेलाचं बघा आधी. घरोघरी लोक मशीनला खोबरेल तेल घालतात, ते थंडीत गोठतं आणि चिकट होऊन आत बसतं, मग मशीन जड जातं. तुमचं जड जात असेल तर तेच झालं असणार. शिलाई मशीनचं पातळ तेल वेगळं मिळतं, प्रत्येक भोकात एकेक थेंब, बॉबिनच्या बाजूला पण, रात्रभर ठेवा आणि सकाळी फडक्यावर बिनदोऱ्याचं चालवा म्हणजे काळं तेल फडक्यावर उतरेल, चांगल्या कापडावर नाही. कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांखाली वर्षानुवर्षांचा कापसासारखा मऊ कचरा साठलेला असतो, वरची पत्र्याची पट्टी दोन स्क्रू काढून उघडा आणि जुन्या टूथब्रशने साफ करा. मी एका जुन्या मशीनमधून बोटाएवढी गादी काढलीय.

सुई आधी बदला. नवीन घेताना जुनी नमुन्याला घेऊन जा. साध्या सुती कापडाला १४ नंबर, मलमल वगैरे तलम असेल तर ११, जीन्सला १६. सुईला एका बाजूने लांब खाच असते, ज्या बाजूने आपण दोरा ओवतो त्या बाजूला ती खाच आली पाहिजे. उलटी बसली की टीप सुटते किंवा पडतच नाही आणि माणूस दिवसभर मशीनला दोष देतो.

आणि इस्त्री. शिवणाच्या शेजारी इस्त्री गरम पाहिजेच. प्रत्येक शिलाई मारली की उलट्या बाजूने उघडून दाबायची, मगच पुढची. घरी शिवलेलं आणि दुकानातलं ह्यातला अर्धा फरक इस्त्रीचा असतो हे माझं ठाम मत. फ्लॅटमध्ये रात्री चालवणार असाल तर खाली सतरंजीची चौपदरी घडी टाका, खालच्यांना आवाज जात नाही.

सुतीवेडी

कुर्तीचं वाचून खरंच वाईट वाटलं ताई, पण ते कापड टाकू नका, त्यातून दोन उशांचे अभ्रे सहज निघतील.

कुर्ती फसली कारण माप अंगावर घेऊन थेट कापडावर काढलं असणार. मी अजूनही तसं करत नाही. आपल्याला नीट बसणारी एक कुर्ती घ्यायची, मधोमध उभी घडी घालून वर्तमानपत्रावर ठेवायची, कडेने पेन फिरवायचा आणि बाहेरून अर्धा ते पाऊण इंच माया (शिलाईसाठी जादा जागा) सोडून कागद कापायचा. मग आधी मांजरपाटावर, म्हणजे स्वस्त जाडसर सुती कापडावर, शिवायची, अंगात घालून बघायची, काय ते तिथे दुरुस्त करायचं आणि मगच चांगलं कापड हातात घ्यायचं. मुंढा तर आधी कमीच कापायचा, नंतर आणखी कापता येतो, जोडता येत नाही.

कापड आणलं की आधी पाण्यात घाला. सुती कापड आटतं, न भिजवता शिवलेलं पहिल्या धुण्यात तोकडं होतं. रात्रभर बादलीत, सकाळी न पिळता वाळत, मग इस्त्री. आणि उभा धागा बघा, काठाला समांतर जातो तो. कपडा ह्या उभ्या धाग्यावर कापला तर अंगावर सरळ पडतो, तिरका कापला तर दोन धुण्यांत एकीकडे लोंबायला लागतो. कुठला उभा ते कळत नसेल तर दोन्हीकडून ओढून बघा, आडवा थोडा ताणतो, उभा जवळजवळ नाहीच.

पहिलं काय शिवू म्हणाल तर पाकिटासारखा अभ्रा, चेन नको बटण नको. उशी १७ बाय २७ इंचाची असते साधारण. रुंदी १८ कापा, लांबी ६२, म्हणजे २७ दुणे ५४, आत दुमडायला ६ आणि दोन्ही टोकांच्या पट्टीला एकेक इंच. ४४ इंच पन्ह्याचं (रुंदीचं) कापड पावणेदोन मीटर घेतलं तर आटून पण शेजारी शेजारी दोन निघतात. पुण्यात आहात तर रविवार पेठेत बोहरी आळीला जा, सुया, बॉबिन, खडू, टेप, उसवायचं हत्यार सगळं एका फेरीत होतं. कापडाची कात्री वेगळी ठेवा आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा की तिने कागद कापायचा नाही. आमच्याकडे तिला लाल दोरा बांधलाय.

काकू, क्लासबद्दल मी जरा वेगळं म्हणेन, मी ब्लाउजसुद्धा घरीच शिकले. जुना ब्लाउज उसवून, तुकडे इस्त्री करून, त्यावरून. सहावा जमला. पण वेळ लागतो हे मान्य.

डोंगरवाट

मशीन नीट होईपर्यंत हाताने गोधडी घ्या की करायला. जुन्या सुती साड्यांचे थर आणि धावदोरा, एवढंच. तो तर तुम्हाला येतोच. माझ्या आईने पाच नातवंडांना पाच शिवल्या, तिने आयुष्यात मशीनला हात लावला नाही.

कृष्णाकाठ

आज ११ दिवसांनी लिहितेय, सगळ्यांचे मनापासून आभार. काकू, तुमचं अगदी बरोबर निघालं, मी फूट खाली ठेवूनच दोरा ओवत होते! वर उचलून ओवला आणि पहिल्या झटक्यात जाळं गायब. मी तो तुकडा उलटा-सुलटा करून कितीतरी वेळ बघत बसले, दोन्ही बाजूंनी सारखी टीप.

रेल्वेवाला दादा, दात्यांखालून निघालेल्या कचऱ्यात लाल, पांढरे, पिवळे धागे होते. पिवळे बघितल्यावर आईला फोन केला, ती म्हणाली माझ्या पाचव्या वाढदिवसाचा फ्रॉक पिवळा होता, तो आजीने शिवला होता. तो धागा मी मेणाच्या गोळ्याशेजारी एका डबीत ठेवलाय.

पाय अजून कधीकधी चुकतो पण चाकाला हाताने झोका द्यायची सवय लागलीय. वहीची ९ पानं झाली. काल त्याच हिरव्या कापडाचा अभ्रा केला, पुढचा-मागचा भाग आणि बाह्या मिळून तुकडे जोडून घ्यावे लागले, मधे एक जोड आलाय, पण कोपरे चौकोनी आलेत आणि आज रात्री मी त्याच्यावरच झोपणारे.

आता पुढचं विचारते, रागावू नका घाई करतेय म्हणून. माझ्या बहिणीला सातवा लागलाय. मला बाळासाठी झबलं शिवायचंय ह्याच मशीनवर. जमेल का दोन महिन्यांत?

शिवणकाकू_नाशिक

जमेल म्हणजे काय, दोन महिन्यांत सहा होतील! आणि घाई कसली, झबलं हेच पूर्वी पहिलं शिकवायचे, सगळं सरळ असतं त्यात आणि कापड लागतं हातभर.

नवीन कापड आणू नकोस. आजीची नाहीतर आईची एखादी धुऊन धुऊन मऊ झालेली सुती साडी असेल ती घे, पदराकडचा भाग नको, मधला घे. काठ लावायचा मोह होईल पण टोचतो, तो टाळ. सुई ११ नंबर लाव. बटण, हूक, चेन काही नको, पुढे दोन नाड्या. आणि एक बघ, पहिल्या महिन्याच्या बाळाला शिलाई बाहेरच्या बाजूला ठेवतात, आतून सगळं सपाट, कातडी इतकी नाजूक असते की जाड शिलाईचा वळ उठतो. गळ्याला उरेब पट्टी लावावी लागेल, म्हणजे कापड तिरकं कापून काढलेली, ती गोलाईवर बसते, सरळ कापलेली पट्टी चुण्या धरते. सव्वा इंच रुंद काप. ती आधी कच्च्या धाग्याने हाताने जोडून घे आणि मग मशीनवर घाल.

बाकी कापायच्या आधी वर्तमानपत्रावरचा आकार फोटो काढून इथे टाक, मी बघते मुंढा किती खोल घेतलायस ते. आणि नाड्या सगळ्यात आधी शिवून ठेव, त्या बारीक असतात, उलटवायला फार वेळ जातो.